जुन्या डॉजला नवे इंजिन घालावे का?

चौलच्या एका वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत, पत्र्याच्या पडवीखाली १९५१ सालची एक डॉज किंग्जवे गाडी उभी असते. मालकांच्या वडिलांनी ती मुंबईत घेतली आणि पेण-पोयनाडमार्गे गावी आणली. गेल्या पावसाळ्याआधी मालकांचा निरोप आला. मी गेलो. चहा पुढे आला, आणि त्याबरोबर गाऱ्हाणेही आले. "मास्तर, इंजिन गेलंय हिचं. कार्लेखिंड चढताना रेडिएटर उकळतो. दोनदा वाटेत उभी राहिली. आता हे काढा आणि एखादं चांगलं डिझेल इंजिन टाका. जुनं भंगारात देऊन टाकू."

मंडळी, मोटारीची विद्या शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि हे वाक्य मी डझनभर वेळा तरी ऐकले असेल. कधी डॉजबद्दल, कधी शेव्हर्लेबद्दल, पुष्कळदा जीपबद्दल. ऐकायला सोपे वाटते. जुना पंप काढून नवा बसवतो तसे इंजिन काढावे, दुसरे बसवावे. पण मोटारीचे इंजिन म्हणजे विहिरीवरचा पंप नव्हे. ते गिअरबॉक्सला, मागच्या धुरीला, पाट्यांना, ब्रेकला आणि सरकारी कागदालाही जोडलेले असते. एक हलवले की बाकीचे सगळे हलते. कसे, ते आज पाहू.

आधी या अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. तिथून शेव्हर्ले गाड्या आणि ट्रक बाहेर पडत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डि सोटो आणि फार्गो जुळवायला सुरुवात केली. महिंद्रांनी त्याच सुमारास विलिस जीप हाती घेतली. पुढे सरकारचे धोरण ठरले, की नुसती जुळणी नको, गाडी इथेच बनवायला हवी. तेव्हा १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. परकीय चलनाची टंचाई आली, आयात आवळली गेली आणि अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. त्यावर १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले. लिटरला सहा-सात किलोमीटर जाणारी गाडी पोसायची कशी? म्हणून लोकांनी या गाड्यांत डिझेल इंजिने घातली. कुणी मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत बनणारे पर्किन्स घातले, कुणी पुढे अ‍ॅम्बॅसेडरचे किंवा मॅटॅडोरचे. त्यांना नावे ठेवायची नाहीत. टॅक्सी रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावायची, तिचा हिशेब निराळा होता.

चौलच्या डॉजचा हिशेब काय? मालकांना मी विचारले, वर्षाला किती फिरते? ते म्हणाले, "लग्नकार्य, गणपती, एखादी मुरूडची फेरी. हजार किलोमीटर झाले तर पुष्कळ." गुरुजी, हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला द्या. लिटरला ७ किलोमीटरप्रमाणे हजार किलोमीटरना पेट्रोल लागते सुमारे १४३ लिटर. डिझेलवर १२ किलोमीटर मिळाले तर ८३ लिटर. सोपा आकडा म्हणून दोन्ही इंधने शंभर रुपये लिटर धरू. वर्षाची बचत आली सहा हजार रुपये. आणि इंजिन, गिअरबॉक्स, लेथचे काम, मजुरी मिळून खर्च लाखाच्या घरात. तो भरून निघेपर्यंत मालकांचा नातू कॉलेजात जाईल!

पण खर्च हा मुख्य मुद्दा नव्हेच. खरा प्रश्न असा, की इंजिन खरोखर गेले होते का?

या डॉजचे इंजिन सहा सिलिंडरचे, एका ओळीतले, सुमारे ३.६ लिटरचे. व्हॉल्व्ह वर डोक्यात नसून बाजूला ब्लॉकमध्ये असतात, म्हणून वरचे हेड म्हणजे एक सपाट ओतीव झाकण. जगातल्या साध्यासुध्या इंजिनांपैकी हे एक. त्याला एक खोड मात्र आहे, आणि आमच्या किनाऱ्यावर ती नेमकी नडते. पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या पोटात, पत्र्याची एक लांबट चपटी नळी असते, जवळजवळ इंजिनाच्या लांबीइतकी. तिला जागोजागी खाचा असतात. पंपाने रेटलेले थंड पाणी या नळीतून जाते आणि खाचांतून प्रत्येक व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी सुटते. पुढच्या सिलिंडरला जेवढे गार पाणी, तेवढेच मागच्या सहाव्यालाही मिळावे, ही योजना.

आता या नळीला आपण काय पाजतो? विहिरीचे मचूळ पाणी! चौल-रेवदंड्यापासून मुरूडपर्यंत किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये. वर्षानुवर्षे खारट पाणी पिऊन ती पत्र्याची नळी पुढच्या तोंडाशीच सडते. मग पंपाचे सगळे पाणी तिथेच सांडते आणि मागचे सिलिंडर कोरडे नव्हे, पण तहानलेले राहतात. सपाट रस्त्यावर कळत नाही. खिंड लागली, दुसरा गिअर पडला, की मागचे दोन सिलिंडर भट्टीसारखे तापतात. व्हॉल्व्ह जळतात, हेडचे पॅकिंग उडते आणि माणूस म्हणतो, इंजिन गेले.

चौलला आम्ही हेच तपासले. हातात धरून रोखायची उष्णता मापणारी बंदूक आता मिळते. इंजिन चालू ठेवून हेडवर पुढून मागे ती रोखली. पुढे आणि मागे मोठा फरक निघाला. मग प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब पाहिला. पहिले चार बरोबरीचे, पाचवा आणि सहावा पार खाली. रेडिएटर उतरवला, पंखा आणि पंप काढला आणि वाकवलेल्या तारेच्या आकड्याने नळी ओढली. हातात काय आले? गंजाचे तुकडे. पाच-सहा. मालक ते तळहातावर घेऊन बघत राहिले.

पुढचे काम कष्टाचे, पण सरळ. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या टोप्यांसारखे वेल्श प्लग असतात. ते ठोकून काढले तेव्हा आतून वाटीभर लाल चिखल आला. तुकडे जुळवून खाचांची मापे घेतली. रेडिएटरची कामे करणाऱ्या एका कारागिराने पितळी पत्र्याची नवी नळी करून दिली. अशी तयार नळी परदेशातून मागवताही येते. पण खाचांची जागा बरोबर असेल, तर इथली पितळी नळी लोखंडीपेक्षा अधिक वर्षे टिकते. मागचे व्हॉल्व्ह बदलले, बैठकी घासून घेतल्या, हेड सपाट करून आणले. इंजिन जागचे हलवले नाही. आणि मालकांना बजावून सांगितले, की रेडिएटरात यापुढे विहिरीचे पाणी नको. पागोळीचे पाणी धरून, गाळून ठेवा, त्यात गंज रोखणारे कूलंट मिसळा.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण एखाद्याचा ब्लॉकच फुटला असेल तर? तेव्हा इंजिन बदलावेच लागते. माझे मत असे, की अशा वेळी पहिला शोध त्याच जातीच्या इंजिनाचा घ्यावा. क्रायस्लर कंपनीचे हे सहा सिलिंडरचे इंजिन गाड्यांतच नव्हे, तर ट्रकांतही कैक वर्षे चालले. फार्गो ट्रकचे मोडके धूड कुठे गोडाऊनमागे पडले असेल, तर त्यातले इंजिन डॉजला उपयोगी पडू शकते. मात्र सावध. या इंजिनाच्या दोन लांब्या आहेत. अमेरिकेतल्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांचे हेड साधारण २३ इंच लांब. डि सोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांचे २५ इंच. दिसायला जुळी भावंडे, पण एकाचे पॅकिंग दुसऱ्याला बसत नाही आणि लांब इंजिन आखूड जागेत घातले तर रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. म्हणून भंगारवाल्याकडे जाताना खिशात टेप ठेवा. तो "डॉजचंच आहे साहेब" म्हणेल. तो खोटे बोलत नसतो, त्याला दोन लांब्या ठाऊक नसतात, इतकेच.

नावावर जाऊ नये याचे आणखी एक कारण आहे. किंग्जवे ही नावाची डॉज, पण सांगाडा प्लिमथचा. डि सोटो डिप्लोमॅटचेही तेच. निर्यातीसाठी एकाच गाडीला तीन नावांचे बिल्ले लावले होते. त्यामुळे डॉजचा दरवाजा मिळत नसेल तर प्लिमथचा शोधा, आणि अमेरिकेतल्या दुकानाला पत्र लिहिताना "डॉज" असे लिहिलेत तर भलताच भाग येऊन पडेल.

आता डिझेलचे पाहू. हौसेने किंवा गरजेने कुणी घालणारच असेल, तर काय काय हलते ते आधी समजून घ्यावे.

पहिले, वजन आणि हादरा. बहुतेक डिझेल इंजिने आकाराच्या मानाने जड. चार सिलिंडरचा ठोका सहापेक्षा खडबडीत. जुने फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी बैठकीवर इंजिन बसते ते, त्याला पुरत नाही. पुढचे स्प्रिंग दबतात, स्टिअरिंग जड होते. खाऱ्या वाऱ्याने आधीच पोखरलेल्या चॅसीला नवे कान वेल्डिंगने जोडले, की तडा तिथेच जातो.

दुसरे, गिअर. मागच्या धुरीचे गुणोत्तर जुन्या इंजिनाच्या चालीला जुळवलेले असते. जीपचे उदाहरण घेऊ. सीजे-३बी जीपचे गुणोत्तर ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. जुन्या धाटणीचे एखादे भारी डिझेल इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपाशीच दमते. मग चाकाच्या फेऱ्या झाल्या ४६५, अंतर मिनिटाला १,०२३ मीटर, आणि वेग तासाला कसाबसा ६१ किलोमीटर. त्याच इंजिनाला ३.९ गुणोत्तराची धुरी मिळाली तर हाच वेग ८५ च्या आसपास जातो. म्हणजे इंजिन निवडताना किती अश्वशक्तीचे, हे विचारून भागत नाही. ते किती फेऱ्यांचे, हेही विचारावे लागते.

तिसरे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, ते म्हणजे हँडब्रेक. त्या काळच्या डॉज-प्लिमथमध्ये हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांत नसतो. तो गिअरबॉक्सच्या शेपटीला, शाफ्टवर असतो. डिझेल इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स आला, जुना निघाला, की हँडब्रेक त्याच्याबरोबर गेला! मी अशी गाडी पाहिली आहे. मालक उतारावर चाकाखाली जांभा दगड लावायचे आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे.

चौथे, वायपर. पुष्कळशा जुन्या अमेरिकन गाड्यांचे आणि जीपचे वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या ओढीवर चालतात. पेट्रोल इंजिन कार्बोरेटरमधून हवा ओढते, तेव्हा नळीत जी पोकळी तयार होते तिच्यावर. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, तशी ओढ निर्माण होत नाही. म्हणजे इंजिन बदलले एप्रिलमध्ये, गाडी झकास चालली, आणि मृगाच्या पहिल्या सरीत वायपर मेला.

हे सगळे कारखान्यांनाही सुटलेले नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे इंजिन २.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे, बाजूच्या व्हॉल्व्हचे. १९५३ मध्ये कंपनीने सीजे-३बी काढली आणि तिच्यात आतल्या बाजूचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये घेतलेले नवे इंजिन घातले. ते उंच निघाले, जुन्या बोनेटखाली मावेना. मग बोनेट आणि पुढची जाळीच उंच केली. आपल्याकडे महिंद्रांची जी उंच कपाळाची जीप गावोगाव दिसायची, तिचे कपाळ उंच का, याचे उत्तर हे आहे. बनवणाऱ्यालाच एवढे करावे लागले. आपल्या नाक्यावरचा मिस्त्री तेच काम हातोडीने करतो.

आता सुटे भाग. जीपवाले सुखी आहेत. आपल्याकडे ती इतकी वर्षे बनली, की तिचे भाग बनवणारे कारखानेही उभे राहिले, आणि आज अमेरिकेतले जुने जीपवाले भारतात बनलेले भाग विकत घेतात. डॉज-शेव्हर्लेवाल्यांना मात्र पायपीट आहे. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याचे भंगारवाले, चोर बाजार. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. त्यापलीकडे दिल्लीचे मायापुरी आणि चेन्नईचे पुदुपेट. पण कुठेही जा, नाव सांगून मागू नका. नमुना आणि नंबर घेऊन जा. विशेषतः बेअरिंग. गाडी पंचाहत्तर वर्षांची झाली तरी बेअरिंगचा नंबर म्हातारा होत नाही. जीपच्या चाकातले टिमकेनचे १८५९० हे कोन आणि १८५२० हा कप, हे नंबर आजही जगभर चालू आहेत. "विलिस जीपचं बेअरिंग द्या" म्हटले तर दुकानदार हात वर करील. नंबर सांगितला तर फळीवरून काढून देईल. ऑइल सीलचेही तसेच. शाफ्टची जाडी, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे द्या, गाडीचे नावच काढू नका.

मापे घेताना आठवण ठेवा, या गाड्या इंचाच्या. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ९/१६ इंचाची नट १४.३ मिलिमीटर भरते. तिच्यावर १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा घसरतो. चढवलाच तर नटीचे कोपरे झिजतात, मग छिन्नी येते, आणि छिन्नीनंतर काय उरते ते सांगायला नको. इंची पान्यांचा एक संच घ्या. एकदाच लागणारा खर्च आहे.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. तरुणपणी एका डॉजचे डावे चाक काढायचे होते. नट हलेना. पान्याला चार फुटी पाइप लावला, त्यावर उभा राहिलो. कट्‌ असा आवाज आला आणि स्टड तुटला. दुसराही तुटला. तेव्हा एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने खांद्यावर हात ठेवला. "बाळा, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. तू सोडवत नाहीस, आवळतोयस." क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत आणि जुन्या विलिस जीपमध्ये डाव्या चाकांचे आटे डावे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. तुमच्या गावात अशी गाडी असेल तर पंक्चरवाल्याला आधीच सांगून ठेवा.

पेट्रोलची एक नवी अडचणही आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला खाते आणि दमट हवेतली ओल शोषून घेते. इंधन पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट भरून ठेवू नका.

राहिला कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीपत्रातला तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पक्की केली. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी पेणच्या परिवहन कार्यालयात विचारा, नंतर नव्हे. त्याच बनावटीचे आणि जातीचे इंजिन घालणार असाल तर वाट बरीच सरळ असते. ज्याच्याकडून इंजिन घ्याल त्याच्याकडून बिल घ्या, त्यावर इंजिनाचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे इंजिन तुमच्या बोनेटखाली सापडले, तर "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर पुरत नाही. आणि अपघातात नोंदीत नसलेले इंजिन निघाले, तर विमा कंपनीशी भांडण ठरलेले.

दुसरा नियम जुलै २०२१ चा. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. चौलच्या मालकांनी त्या दिवशी डिझेल घालून जुने इंजिन भंगारात दिले असते, तर ही वाट कायमची बंद झाली असती. वीस-पंचवीस हजारांच्या भंगारासाठी! हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गॅरेजवाल्याला इसार देऊन बसलोय, तो बुडाला तर बुडाला."

गणपतीत ती डॉज कार्लेखिंड चढली. मी शेजारी बसलो होतो आणि डोळे काट्यावर होते. काटा मध्यावर थांबला, वर गेला नाही. परतताना अंधार पडला, आणि दिवे कंदिलासारखे मिणमिणू लागले. गाडी ६ व्होल्टची आहे, आणि कुणीतरी कधीकाळी तिच्यात नव्या गाडीची बारीक वायर घातली आहे. ६ व्होल्टला त्याच दिव्यासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून वायर जाड हवी. शिवाय तिच्या बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आपल्या सवयीच्या उलट. बॅटरी बदलणाऱ्याने सवयीने जोडली तर डायनामोचा घोटाळा होतो. आता दिवाळीनंतर वायरिंगला बसायचे आहे. जाड वायरचे भेंडोळे मालकांनी आणून ठेवले आहे.